नळीतून भरवणाऱ्या हातांकडे आधी बघ

प्रिय पोरी,

तुझं फीडिंग पंपचं, म्हणजे नळीतून पातळ अन्न सोडणाऱ्या यंत्राचं, प्रेझेंटेशन पाहिलं, स्क्रीन मस्त झालीये, अलार्म पण नीट. पण त्यात घर कुठेच नाहीये गं, सगळं हॉस्पिटलच. आपल्याकडे स्ट्रोकचा पेशंट राईल्स ट्यूबसकट, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीसकट, घरी येतो आणि दुसऱ्या दिवसापासून बायको नाहीतर सून त्याला दर दोन-तीन तासांनी भरवते, डिस्चार्जच्या गडबडीत सिस्टरने जे काय दाखवलं तेवढ्याच जोरावर. पंप बहुतेक घरांत नसतोच. असते ती ५० मिलीची सिरिंज, आणि मिक्सरमधून काढून गाळलेली पेज किंवा मुगाचं पाणी.

तिच्या शेजारी बसून एक फीड बघ. दट्ट्या काढून सिरिंज नळीला लावायची, वर धरायची, पेज आपोआप उतरते, वेग कमी-जास्त करायचा तर हात खाली-वर. एक हात असा अडकलेला, दुसऱ्याने वाटीतून ओतायचं, त्यात पेशंट नळी ओढतोय, आता तिसरा हात कुठून आणायचा? पलंगाला किंवा खिडकीच्या गजाला अडकणारा, उंची बदलता येणारा साधा क्लॅम्प कर, मला तो तुझ्या स्क्रीनपेक्षा मोलाचा वाटतो.

मग सिरिंज. धुऊन धुऊन आकडे पुसले जातात, रबर खराब होऊन दट्ट्या अडकतो, जोर लावला की सगळं धस्सकन आत जातं, ठसका, उलटी, आणि फीड फुफ्फुसात जायची भीती. आकडे छापू नकोस, उठावाचे कर. पाठ ३० ते ४५ अंश वर हवी आणि नाकपुडीजवळची नळीवरची खूण सरकलेली नसावी, हे भरवायच्या आधी डोळ्यांसमोर येईल असं चित्र त्या क्लॅम्पवरच दे, माहितीपत्रक कोणी वाचत नाही.

नळी चोंदते तो मोठा वैताग. आतला व्यास निम्मा झाला की त्याच दाबाला प्रवाह सोळापट कमी होतो, म्हणजे पेजेचा थर आणि नीट न कुटलेली गोळी एवढं पुरतं. फीडनंतर साधारण २०-३० मिली पाणी सोडायला सांगतात, ते दमलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून भांड्यातच पाण्याचा वेगळा कप्पा दे.

कनेक्टरच्या बाबतीत मात्र तडजोड नाही हां. फीड चुकून सलाईनच्या लाईनमध्ये गेल्याने माणसं दगावलीयेत, त्यासाठीच २०१६ मध्ये आयएसओ ८०३६९-३ हे फीडच्या जोडण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, एनफिट हे कनेक्टर त्यातलंच, ते शिरेच्या लाईनला बसतच नाही. फक्त त्याच्या आट्यांच्या खोबणीत फीड साचतं, तिथे ब्रश पोचतो का ते स्वतः घासून बघ.

आणि पुढची टेस्ट पाण्यावर नको. नाचणीची पेज कर, निवून घट्ट होऊ दे, मग ती घे, आणि भरवायला एखाद्या साठीच्या काकूंना बसव, चष्मा न लावता, रात्रीच्या झिरोच्या बल्बमध्ये. काय झालं ते मला कळव.