पालखेडवर रिसर्च सुरू करताय ना, मग हे आधी करा

अरे, पालखेडच्या लढाईवर, म्हणजे 1728 मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला हरवलं त्या लढाईवर, काम करायचं तर डायरेक्ट गनिमी काव्यावर लिहायला बसू नकोस, आधी मोडी लिपी शीक आणि तारखा लावायला शीक. पेशवे दप्तराच्या, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहातल्या कागदांत सुहूर सन (तेव्हाची कालगणना, आकडे अरबी शब्दांत) अक्षरांत असतो, 'समान अशरीन मया व अलफ' म्हणजे 1128, त्यात 600 मिळवले की इसवी सन 1728, पण कागद मृग नक्षत्रापासून (साधारण जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरपर्यंतचा असेल तर 599च मिळवायचे, इथे भलेभले चुकतात बघ. मग नकाशा घे आणि बाजीराव कधी कुठे होता ते मांड. निजाम पुण्यात, बाजीराव खानदेश-गुजरातेत फिरून औरंगाबादकडे वळतो, निजामाला मागे यावंच लागतं, जड तोफा मागे राहतात आणि पालखेडला त्याचं पाणीच तुटतं. खरी लढाई त्या दौडीत आहे रे, तिथेच वेळ घाल.