लाल रेघ ‘विस्फोट’वर का, ‘भस्मासुर’वर का नाही?

एका ताईंनी विचारलंय: सातवीतल्या मुलीने निबंधात ‘लोकसंख्येचा विस्फोट’ असं लिहिलं, तर बाईंनी ‘वि’वर लाल रेघ मारली आणि समासात ‘स्फोट’ असं लिहून दिलं. त्याच पानावर खाली ‘लोकसंख्येचा भस्मासुर’ होता. त्याला मात्र बरोबरची खूण आणि वर ‘छान!’ असा शेरा. बाईंचं बरोबर की मुलीचं? आणि भस्मासुराचा लोकसंख्येशी संबंध काय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. रेघ चुकीच्या शब्दावर पडली. ‘छान’ कितपत छान, ते पुढे बघू.

बाईंची बाजू समजण्यासारखी आहे. मराठी कानाला ओळखीचा शब्द स्फोट. सिलिंडरचा स्फोट, बॉम्बस्फोट, गौप्यस्फोट. ‘फटाक्यांच्या कारखान्यात विस्फोट’ असं वाचलं की बातमी हिंदीतून घाईघाईने उतरवली आहे हे लगेच कळतं. ‘जनसंख्या विस्फोट’ हाही हिंदीतलाच जोड. त्यातली ‘जनसंख्या’ आपण बदलून घेतली, ‘विस्फोट’ तसाच राहिला. पण म्हणून तो अशुद्ध ठरत नाही. ‘वि’ लावून जोर वाढवणं ही संस्कृतातली रोजची गोष्ट. मराठी वळण म्हणून ‘स्फोट’ सुचवावा, मार्क कापू नयेत.

मला ‘विस्फोट’ आवडतो तो वेगळ्याच कारणाने. जुन्या वैद्यकात विस्फोट म्हणजे अंगावर उठणारे फोड. (आपला ‘फोड’ हा स्फोटाचाच वंशज.) कोशांमध्ये ‘विस्फोटक’पुढे देवीचा रोग हाही अर्थ सापडतो. म्हणजे ज्या रोगाने घरंच्या घरं रिकामी केली त्याचं नाव विस्फोटक, आणि तसले रोग हटल्यावर घरं भरली त्यालाही नाव विस्फोट! भारतात 1975 नंतर देवीचा रोगी सापडलेला नाही. शब्दाने मारलेली अशी कोलांटउडी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आता लोकसंख्येला स्फोट चिकटवला कुणी? हिरोशिमाला नऊ वर्षं होत होती तेव्हा, 1954 मध्ये, ह्यू मूर या अमेरिकी उद्योजकाच्या संस्थेने एक पत्रिका काढली. मूर कागदी कप विकून गबर झालेला गृहस्थ. पत्रिकेचं नाव ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’. त्या काळात बॉम्बइतका भीतीदायक दुसरा शब्द नव्हता, म्हणून तो घेतला. पुढे 1968 मध्ये पॉल एर्लिक यांनी तेच नाव आपल्या पुस्तकाला दिलं आणि ते तुफान खपलं. एर्लिक स्टॅनफर्डचे प्राध्यापक, मूळ अभ्यास फुलपाखरांचा. त्यांचं म्हणणं होतं की सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं उपासमारीने मरणार, आणि आता काहीही केलं तरी ते टळणार नाही.

पुस्तकाची सुरुवात आहे दिल्लीत. उकाड्याची रात्र, टॅक्सी, आणि खिडकीबाहेर माणसंच माणसं: खाणारी, धुणारी, झोपलेली, भांडणारी. ते बघून लेखकाला लोकसंख्येचा प्रश्न ‘आतून’ कळला. त्या सुमाराला दिल्लीची वस्ती तीस लाखांच्या आतबाहेर होती आणि पॅरिसची ऐंशी लाखांच्या. पॅरिसच्या रस्त्यावर फिरताना कुणाला लोकसंख्या कळत नाही, तिथे ‘गजबज’ कळते. दिल्लीत त्यांना दिसली ती घराबाहेर काढावी लागणारी रात्र. तिला त्यांनी संख्या म्हटलं.

ही सवय आपल्यातही आहे. ‘लोकसंख्या’ हा मराठीत नेहमी बाकीच्यांसाठी वापरायचा शब्द. आपल्या घरी ‘बाळ’ होतं, बारशाला पेढे वाटतात. शेजारच्या चाळीत चौथं झालं की ‘लोकसंख्येत भर’ पडते. वर्तमानपत्रात लोकसंख्येचा लेख असला की सोबत फोटो हटकून लोकलच्या दाराला लटकलेल्यांचा. आठ खोल्यांत तिघे राहतात त्यांचा फोटो त्या लेखात छापलेला मला आठवत नाही.

एर्लिक यांचं भाकीत फसलं. त्याच 1968 मध्ये आपल्या टपाल खात्याने गहू क्रांतीचं तिकीट काढलं, हा योगायोग मजेदार आहे. पण ‘भूक ही निव्वळ आवई होती’ असंही कुणी म्हणू नये. 72 च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. भूक होती, पण भाकितातले कोट्यवधी मृत्यू आले नाहीत. कारण धान्य आणलं गेलं, कामं निघाली, त्यातूनच रोजगार हमीचा कायदा पुढे आला. ‘काहीही केलं तरी’ हे शब्द खोटे ठरले.

आणि संख्या वाढणार हे त्यांचं म्हणणं खरंच होतं, हेही कबूल करायला हवं. 1968 मध्ये जग साडेतीनशे कोटींच्या आसपास होतं. 15 नोव्हेंबर 2022 ला संयुक्त राष्ट्रांनी आठशे कोटी जाहीर केले. चुकलं ते रूपक. स्फोटाला वेग कमी करता येत नाही. वात पेटली की पेटली. जगाच्या लोकसंख्यावाढीचा दर मात्र साठच्या दशकात दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला आणि तिथून उतरायला लागला. आज तो एक टक्क्याच्याही खाली आहे. म्हणजे बॉम्ब हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला त्याच सुमाराला तो दर घसरणीला लागला होता.

आपल्याकडे 1950 च्या सुमाराला एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 2.0 आला, महाराष्ट्रात 1.7. लोकसंख्या जागच्या जागी राहायला 2.1 लागतात. तरीही देशाची संख्या वाढतेच आहे, आणि इथे मराठी मथळे नेहमी घसरतात. ‘दर घटला’ला ‘लोकसंख्या घटली’ म्हणतात, ‘संख्या वाढली’ला ‘वेग वाढला’. साधी गोष्ट आहे: मागच्या पिढीत जास्त मुली जन्मल्या, त्या आता आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच झाली तरी बेरीज मोठी येते. घाटात एसटीला ब्रेक लागला तरी ती लगेच थांबत नाही, तसं. याला स्फोट म्हणण्यापेक्षा ‘फुगवटा’ म्हणावं असं मला वाटतं. फुगवटा सरकत जातो. आज शाळेत, उद्या नोकरीच्या रांगेत, परवा पेन्शनच्या.

आता भस्मासुर. मथळेवाल्यांनी याला अगदी राबवून घेतलंय. महागाईचा भस्मासुर, बेकारीचा भस्मासुर, भ्रष्टाचाराचा भस्मासुर. त्यांना म्हणायचं असतं ‘सगळं गिळणारा राक्षस’. पण गिळणारा तो बकासुर! गाडाभर अन्न, वर रेडे आणि गाडी हाकणारा माणूसही. ‘लोकसंख्या सगळं खाऊन टाकते’ असं म्हणायचं असेल तर बकासुर लिहा, अर्थ तरी नीट लागेल. भस्मासुर खात नाही. त्याची गोष्ट वराची आहे. ज्याने दिला त्याच्यावरच उलटलेला वर. म्हणून प्लास्टिकचा भस्मासुर चपखल, कारण प्लास्टिक आपणच हौसेने घरात आणलं. महागाईला कुणी वर दिला होता?

भागवतात दशम स्कंधात हीच गोष्ट वृकासुराच्या नावाने येते. तिथे मोहिनी नाही, विष्णू बटूच्या वेशात येतो आणि ‘खात्री करायची तर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून बघ’ म्हणतो. आमची आजी सांगायची ती गोष्ट वेगळी. शंकराला रोज ताजं चिताभस्म लागे, ते आणून द्यायचं काम या असुराकडे. एक दिवस तो गावोगाव, मसणवट्या-मसणवट्यांत फिरला, पण कुठेच चिता नाही. त्या दिवशी कुणी मेलंच नव्हतं! रिकाम्या हाताने परत आला आणि म्हणाला, देवा, ज्याच्या डोक्यावर मी हात ठेवीन त्याची राख होऊ दे, म्हणजे तुझ्या सेवेत खंड पडणार नाही. इथे आजी थांबून आमच्याकडे बघायची, कारण पुढे काय होणार ते आम्हाला ठाऊक असायचं.

त्या असुराची पंचाईत झाली ती कुणी न मेल्याच्या दिवशी, आणि लोकसंख्येची गोष्टही नेमकी तिथूनच सुरू होते. माणसं जास्त मुलं जन्माला घालू लागली म्हणून संख्या वाढली नाही. तितकी ती पूर्वीही घालतच होती, मरतही तितकीच होती. मरणं कमी झालं म्हणून वाढली. लस, स्वच्छ पाणी, प्रतिजैविकं. 1971 मध्ये भारतात हजारातली 129 मुलं वर्षाची व्हायच्या आत जात. 2020 मध्ये हा आकडा 28 होता. वर होता तो हा.

शेवटही जुळतो. हात स्वतःच्याच डोक्यावर येतो. मुलं जगू लागली की दोन-तीन पिढ्यांत माणसं आपणहून कमी मुलं होऊ देतात. जी गोष्ट संख्या वाढवते तीच तिला पुढे आवर घालते. मोहिनीच्या जागी कोण, असं विचाराल तर शाळेत गेलेल्या मुली. 2019-21 च्या त्याच पाहणीत शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना सरासरी 2.8 मुलं होती, बारावी आणि पुढे शिकलेल्यांना 1.8. नाच शिकवावा असा!

तरी हे रूपक इथेच सोडतो. कारण ते पुढे नेलं की असुर कोण, हा प्रश्न येतो, आणि उत्तर असतं माणसं. असुराला मारावं लागतं किंवा फसवावं लागतं. शब्द तसे असले की कामंही तशी होतात. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. मराठीत यापेक्षा शहाणा शब्द आधीच होता: संततिनियमन. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत केंद्र काढलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात देशाची बेरीज नव्हती, बाईचं शरीर आणि तिची मर्जी होती. ‘नियमन’ आपलं आपण करायचं असतं. ‘विस्फोट’ म्हटलं की पोलीस आणि बंब बोलवावेसे वाटतात.

हल्ली वारं फिरलंय. दक्षिण कोरियात एका बाईमागे सरासरी मुलांचा आकडा 2023 मध्ये 0.72 वर आला, आंध्रने 2024 मध्ये स्थानिक निवडणुकांतली दोन मुलांची अट काढून टाकली, आणि मथळ्यांत ‘लोकसंख्येची घसरगुंडी’, ‘म्हाताऱ्यांचा देश’ दिसू लागलेत. प्रश्न खरा आहे, शब्द पुन्हा तसेच. थोड्या दिवसांत ‘पाळणाघरांवर अवकळा’ आणि ‘वार्धक्याचा भस्मासुर’ही वाचायला मिळेल, पैज लावतो.

जाता जाता एक शब्द दाखवतो, तो मथळ्यात कधीच येत नाही. राज्य सरकारच्या नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, नमुना ‘अ’. त्यात विचारतात, ‘हयात मुले’ किती. ‘हयात’ का? नुसतं ‘मुले’ का नाही? माझ्या आजीला कुणी मुलं किती विचारलं की ती सांगायची, ‘झाली आठ, आहेत पाच.’ तिच्या वयाच्या बहुतेक बायका असंच दोन आकड्यांत सांगत. आज हा प्रश्न कुणाला विचारला तर उत्तर एकाच आकड्यात येतं, आणि फॉर्मवरचा तो ‘हयात’ उगाच लिहिल्यासारखा वाटतो.

तर ताई, मुलीचा ‘वि’ राहू द्या, वाटलंच तर पुढच्या वेळी ‘लोकसंख्यावाढ’ लिहायला सांगा. आणि ‘छान!’ खोडायला लावू नका. फक्त मुलीला उद्या बाईंना एवढं विचारू द्या: बाई, या भस्मासुराला वर कुणी दिला होता?