सिनेगॉगच्या दारात

सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. तिथल्या सुरक्षेचं प्रशिक्षण आम्ही देतो; त्याबद्दल वाचकांनी विचारलेले हे प्रश्न.

मुलगी लंडनला शिकते. घराजवळच्या सिनेगॉगबाहेर दर शनिवारी तरुण मुलं वॉकीटॉकी घेऊन उभी असतात. पोलिस नसतात का? (पुणे)

असतात, पण ही मुलं बहुधा तिथलीच. ब्रिटनमध्ये १९९४ पासून ‘कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट’ अशा स्वयंसेवकांना तयार करतो. नेहमीचा चेहरा कोणता आणि नवखा कोणता, हे त्यांना पोलिसांआधी कळतं. २ ऑक्टोबर २०२५ ला, योम किप्पुरच्या (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या) दिवशी मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला, तेव्हा लोकांनीच आतून दार रेटून धरलं. तरी दोघे गेले, त्यातला एक पोलिसांची गोळी लागून.

मुंबईत एका सिनेगॉगमध्ये आधी ओळखपत्र मागितलं, पिशवी तपासली. देवाच्या दारात असं? वाईट वाटलं. (ठाणे)

वाटणारच. ज्या गावात मशीद बंदर स्टेशनाचं नाव सॅम्युएल स्ट्रीटवरच्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात, तिथे ही पाळी यावी! पण २६/११ ला नरिमन हाउसमध्ये, तिथल्या ज्यू केंद्रात, काय झालं ते आपण पाहिलं आहे.

टेक्सासमधल्या कॉलीव्हिलची गोष्ट सांगतो. १५ जानेवारी २०२२, शनिवार, कडाक्याची थंडी. एका अनोळखी माणसाने दार वाजवलं. रब्बी चार्ली सायट्रन-वॉकर यांनी त्याला आत घेतलं, चहा करून दिला, गप्पा मारल्या. पुढे ते पाठमोरे प्रार्थना करत असताना मागून ‘खट्’ आवाज आला. पिस्तुलाचा. चौघे ओलीस. एकाला संध्याकाळी सोडलं. रात्री रब्बींनी हल्लेखोरावर खुर्ची फेकली आणि तिघे दाराकडे पळाले. सगळे वाचले. सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं होतं म्हणून वाचलो, असं त्यांनी नंतर सांगितलं. प्रशिक्षणात आम्ही पहिली गोष्ट हीच शिकवतो: दाराजवळची जागा धरा.

चहा देऊ नये असं मी कुणालाच सांगत नाही. चार प्रश्न आधी विचारा, चहा मग. त्या दिवशी तुम्हालाही तेच विचारलं.

धमकीचे फोन खोटेच निघतात. मग दरवेळी इमारत का रिकामी करायची? (नाशिक)

खोटं होतं हे दुपारी कळतं, फोन सकाळी येतो. २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ज्यू केंद्रांना असे शंभरावर फोन आले. या केंद्रांत पाळणाघरं असतात, पोहण्याचे तलाव असतात. ओल्या अंगाने म्हाताऱ्यांना थंडीत बाहेर काढायचं, हे सोपं नाही. मार्चमध्ये आरोपी सापडला इस्रायलच्या अश्केलोनमध्ये, स्वतः ज्यू असलेला तरुण! त्याला १० वर्षांची कैद झाली. तेव्हा फोन आलाच तर शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, पोलिसांना कळवा, आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर टाकू नका.

इस्रायल सरकारवर टीका म्हणजे ज्यूद्वेष का? (सांगली)

नाही. पण गाझाचा जाब पेणच्या बेने इस्रायल (म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू) आजींना विचारलात, तर हो.

सुरक्षेवर इतका खर्च करून खरंच कोणी वाचतं? (ॲमस्टरडॅम)

जर्मनीतलं हाले, ९ ऑक्टोबर २०१९. पुन्हा योम किप्पुर. पन्नासेक माणसं आत प्रार्थना करत होती. बाहेर बंदूकधारी लाकडी दारावर गोळ्या झाडतोय, हे त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसत होतं. कुलूप टिकलं, आत कोणाला ओरखडाही आला नाही. पण बाहेर त्याने रस्त्याने जाणाऱ्या एका बाईला मारलं, आणि नंतर जवळच्या कबाबच्या दुकानात एका तरुणाला. त्या दिवशी दाराबाहेर पोलिस नव्हता. गोळ्यांची भोकं पडलेलं ते दार आता स्मारक म्हणून जपलंय.