मोईनाबादजवळचे तीन गुंठे

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचकांचा प्रश्न: वय ६१. माग विकले, देणी भागवली, हातात १८ लाख उरले. हैदराबादचे मेहुणे म्हणतात, मोईनाबादजवळच्या खेड्यात पाच लाख गुंठ्याने तीन गुंठे घेऊन टाका. घेऊ का?

नका घेऊ.

मेहुण्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तेलंगणात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, सातबारा दाखवावा लागत नाही, म्हणून आपल्याकडच्या माणसाला तिथला व्यवहार फार सोपा वाटतो. पण जमीन नावावर होणं वेगळं आणि तिच्यावर घर उठणं वेगळं. १९०८ च्या हैदराबादेतल्या मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मान सागर आणि हिमायत सागर हे तलाव बांधले गेले. त्यांचं पाणी राखण्यासाठी १९९६ च्या जीओ १११ या सरकारी आदेशाने भोवतालच्या ८४ गावांत बांधकामावर कडक निर्बंध आले. मोईनाबाद त्याच पट्ट्यातलं. २०२२ मध्ये नव्या आदेशाने ते सैल झाले, पण अटी ठेवूनच. एजंट मात्र ‘१११ उठला’ एवढंच सांगतात. तुमच्या पाच लाखांत जमीन किती आणि ही आशा किती, हे मेहुण्यांनाच विचारा!

शिवाय कुंपण घालून, नारळाची चार रोपं लावून विकलेला ‘फार्म प्लॉट’ कागदावर शेतजमीनच असतो. त्यावर सहसा बँक कर्ज देत नाही, म्हणजे उद्या तुमच्याकडून घेणाराही रोख पैसेवालाच हवा. असं गिऱ्हाईक ३०० किलोमीटरवरून शोधणार कोण?

आता हिशेब. हेच १५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतील. पैसे भरताना जो दर असेल तोच पाच वर्षं टिकतो. व्याजावर कर लागतो, पण तुमचं बाकी उत्पन्न कमी असेल तर तो फारसा जाणवायचा नाही. माग बंद झाल्यावर घरात महिन्याला काय येतं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही; मला तरी तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गुंठे दरमहा काही देत नाहीत.

उरलेले तीन लाख बँकेत मुदत ठेवीत, दवाखान्यासाठी.

इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर पावती आणि सर्व्हे नंबर घेऊन हैदराबादच्याच एखाद्या वकिलाला दाखवा, मेहुण्यांच्या ओळखीतल्या नव्हे.