संदेशवहनासाठी सी की पायथन?

प्रश्न : मलप्रभेच्या पुराचे गणित बेळगावच्या आमच्या महाविद्यालयातील आठ संगणकांवर वाटून चालवायचे आहे. संगणकांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या एमपीआय या मानकासाठी पायथन पुरेल का? जुन्या पुस्तकातील सी++ चे नमुने तर चालतच नाहीत.
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : आपले काही चुकलेले नाही. १९९४ च्या पहिल्या मानकात सी आणि फोर्ट्रान या दोनच भाषा होत्या. सी++ साठीची स्वतंत्र रूपे पुढे आली, पण २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली, म्हणून सी++ मधूनही आता सीचीच फंक्शने वापरावीत.

आपण पायथननेच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. मात्र 'एमपीआय-फोर-पाय' (mpi4py) या पायथनच्या एमपीआय लायब्ररीतील एक बारकावा सांभाळा. स्मॉल 'एस'चे 'सेंड' पायथनमधील कोणतीही वस्तू (ऑब्जेक्ट) आधी बाइट्समध्ये गुंडाळून पाठवते, त्यात वेळ जातो. कॅपिटल 'एस'चे 'सेंड' नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतील अ‍ॅरेची स्मृती थेट पाठवते, पण त्यासाठी घेणाऱ्याने योग्य आकाराचा अ‍ॅरे आधीच तयार ठेवावा लागतो. नदीचा एकेक टप्पा एकेका संगणकाकडे दिल्यास गणिताच्या प्रत्येक पायरीला शेजाऱ्याशी फक्त सीमेवरच्या पाणीपातळ्यांची देवाणघेवाण होते, आणि ती हजारो वेळा होत असल्याने तिथे कॅपिटल 'एस'च हवा.