दुपारनंतर जयपूर फूट टोचतो? आधी मोजे बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांचा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली काढावा लागला, जयपूर फूट मिळाला, सकाळी बरं चालतात पण दुपारनंतर स्टंपचं (उरलेल्या पायाचं) टोक ठणकतं म्हणून काढून ठेवतात, आणि रात्री नसलेल्या पायाची बोटं जळतात. ही दोन वेगळी दुखणी आहेत हो, एका गोळीने दोन्ही जायची नाहीत. मीपण गुडघ्याखालचाच, अ‍ॅक्सिडेंटवाला.

दुपारचं बघू. सगळ्यांना वाटतं सॉकेट (कृत्रिम पायाचा वरचा भाग, ज्यात स्टंप बसतो) घट्ट झालं, बहुतेक वेळा असतं उलटंच, ढिलं झालेलं असतं. स्टंप दिवसभरात बारीक होतो, पहिल्या वर्षात तर फारच, मग तो सॉकेटमध्ये खाली खाली सरकतो आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) यायला हवं ते वजन टोकावर येतं. जयपूर फूट काढला की स्टंपवर लाली कुठेय ते बघा: वाटीची खालची कड आणि टोक लाल असेल तर स्टंपवर एक मोजा वाढवायचा, स्टंप सॉकेटमध्ये पूर्ण आत जातच नसेल, पाय लांब झाल्यासारखा वाटत असेल तर कमी करायचा. बंद तळाचं सॉकेट असेल तर तळाशी कणकेची छोटी गोळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि बाबांना मिनिटभर उभं करा, पार चपटी झाली म्हणजे टोक टेकतंय. एक, तीन, पाच प्लायचे (प्लाय म्हणजे जाडीचं माप) मोजे मिळतात, थोडे थोडे वाढवा. दहा-बारा प्लाय घालूनही ढिलंच, तर सॉकेटच बदलायची वेळ आली. टोचणारी जागा घरी कानशीने घासत बसू नका (आमच्याकडे एकाने खरंच घासली होती), एचडीपीईचं (एक प्रकारचं प्लास्टिक) सॉकेट सेंटरवाले गरम करून तेवढंच फुगवून देतात.

शुगरवाल्यांना फोड आला तरी कळत नाही, म्हणून रोज आरशात टोक बघायचं. लाली दहा मिनिटांत गेली तर ठीक, नाही गेली किंवा कातडी फुटली तर पाय घालणं बंद आणि डॉक्टर. स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नाही, ओली कातडी सॉकेटमध्ये सोलवटते. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी अजिबात नको, बरं वाटतं खरं पण गुडघा आखडतो.

रात्रीची जळजळ म्हणजे फँटम पेन, भास नाही, नस आणि मेंदूचा प्रकार आहे तो, उगाच त्यांना 'मनाचे खेळ' म्हणू नका. साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन देतात पण शुगरवाल्यांत क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून डोस ठरतो, शेजाऱ्याची चिठ्ठी चालणार नाही. १९९० च्या दशकात मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाचा उपाय काढला, दोन पायांमध्ये आरसा उभा धरून चांगला पाय हलवायचा आणि आरशात बघत राहायचं, काहींना फरक पडतो, काहींना नाही, पण खर्च शून्य. स्टंप चोळणं, घट्ट श्रिंकर (स्टंपवर चढवायचा दाबाचा मोजा) घालणं यानेही उतरतं. एकाच ठिकाणी दाबलं की करंट बसत असेल तर न्यूरोमा (कापलेल्या नसेच्या टोकाची गाठ) असू शकतो, तो मात्र दाखवाच.

मुंबईत हाजीअलीची रिहॅब इन्स्टिट्यूट आहे. कुठेही जा, सगळे मोजे सोबत न्या आणि बाबांना आधी तासदोनतास चालवून मग दाखवा, सकाळी ताज्या स्टंपवर सगळं फिटच दिसतं.