विद्यापीठाचा अंतर्गत 'उद्योग भागीदारी' निधी: अर्ज करावा का, आणि पैसे कशावर मागावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एका राज्य विद्यापीठात रसायनशास्त्राच्या सहायक प्राध्यापक आहात. विद्यापीठानं स्वतःच्या तिजोरीतून उद्योगांशी भागीदारी जुळवण्यासाठी वर्षभराकरता ३ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलंय. अर्जासोबत कंपनीचं संमतिपत्र हवंय, आणि तुमची एकाही कंपनीत ओळख नाही. मग अर्ज करावा का, आणि केला तर पैसे कशावर दाखवावेत?

अर्ज जरूर करा. फक्त उपकरण मागू नका.

मी असा निधी दोनदा घेतला. पहिल्यांदा वाया घालवला, दुसऱ्यांदा कामी आला. पुढे तीन वर्षं तो वाटणाऱ्या समितीतही बसलो. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

पहिल्या खेपेला मी केलं ते सगळेच करतात. विभागाला एक स्पेक्ट्रोफोटोमीटर हवा होता, तो 'उद्योग भागीदारी'च्या नावाखाली बसवला. मेहुण्याच्या मित्राची छोटी रंगाची फॅक्टरी होती. संमतिपत्र मीच टाइप करून नेलं, त्यांनी ते लेटरहेडवर छापून सही-शिक्का मारला आणि वर चहा पाजला. तीन कोटेशन, परचेस कमिटी, फाईलचा कुलसचिव कार्यालय ते वित्त विभाग असा प्रवास, यात सात महिने गेले. उपकरण फेब्रुवारीत आलं आणि ३१ मार्चला युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिलं. रंगवाले गृहस्थ विभागात कधी फिरकले नाहीत. फिरकतील कशाला? त्यांना काय हवंय हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला वेगळं घडलं, त्यात माझी हुशारी फारशी नाही. कोल्हापूरच्या शिरोली भागात एका फौंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी माझं नॅनो कोटिंग 'विकायला' गेलो होतो. साच्यावर लावलं की कास्टिंगचा, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागाचा, पृष्ठभाग गुळगुळीत येईल, असा माझा दावा. प्रयोगशाळेत तो खराही होता. मालकांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमचं कोटिंग राहू द्या ओ. एप्रिल-मे आला की माझं रिजेक्शन का वाढतं, तेवढं सांगा."

रिजेक्शन म्हणजे खराब निघून बाद होणारा माल. तो का वाढतो याचं उत्तर मला माहीत नव्हतं. त्यांनी मला सँड प्लँटवर, म्हणजे साच्याची वाळू तयार होते तिथे, पाठवलं. तिथले सुपरवायझर दहावी शिकलेले होते आणि तीस वर्षं वाळूत हात घालून होते. त्यांनी मिक्सरमधून मूठभर वाळू उचलली, दाबली, तिचा मुटका मधोमध मोडला आणि तुटलेली कड मला दाखवली. कड धारदार न राहता भुगा होऊन गळत होती. "बघा, ही मेलीय." मी विचारलं, मेलीय म्हणजे काय? ते म्हणाले, "माती तीच घालतोय, तेवढीच घालतोय, पण धरत न्हाई."

ही माती म्हणजे बेंटोनाइट. साच्याची वाळू ती धरून ठेवते. सोडियम असलेलं बेंटोनाइट पाण्यात चांगलं फुगतं, कॅल्शियमचं कमी फुगतं. उन्हाळ्यात त्या कारखान्यात नळाचं पाणी अपुरं पडायचं आणि मिक्सरला बोअरचं कठीण, म्हणजे कॅल्शियमचे क्षार जास्त असलेलं, पाणी जायचं. वाळू पुन्हापुन्हा वापरली जाते, तसे पाण्यातले क्षार तिच्यात साठत जातात आणि कॅल्शियम हळूहळू सोडियमची जागा घेतं. मग ओल्या थराची ताकद घटते, वितळलेल्या लोखंडाच्या उष्णतेनं साच्याचा पापुद्रा सुटतो आणि कास्टिंगवर खपली येते. हे सगळं मी ज्या चाचणीनं पकडलं, ती पाण्याच्या कठीणपणाची ईडीटीए टायट्रेशन. बीएस्सीची पोरं जर्नल भरायला करतात तीच. जोडीला मिथिलिन ब्लू चाचणी, म्हणजे वाळूत 'जिवंत' माती किती उरलीय त्याचा अंदाज.

सगळं रिजेक्शन पाण्यामुळे होतं असं मी म्हणणार नाही. ओतकामानंतर गार न होताच परत वापरात येणारी गरम वाळू हेही एक कारण होतंच. पण खपल्यांचा बराच भाग पाण्यामुळे होता. मिक्सरपुरतं मऊ पाणी आणि दर आठवड्याला एक चाचणी एवढ्यावर तो आटोक्यात आला. माझ्या नॅनो कोटिंगचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही, मीही नाही.

या कामात विद्यापीठाचे पैसे कशावर गेले? आठ महिन्यांत पंचवीसेक खेपांचं पेट्रोल, एमएस्सी झालेल्या एका मुलाचं अर्धवेळ मानधन, रसायनं, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत केलेल्या थोड्या चाचण्या. निम्मे पैसे परत गेले, त्यावरून वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी मला झापलंही. त्या फौंड्रीनं मात्र पुढल्या वर्षी चाचण्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले आणि त्यानंतरच्या वर्षी एका संशोधक विद्यार्थ्याचा खर्च उचलला.

तेव्हा तुमच्या अर्जात प्रवास, माणूस आणि चाचण्या हे तीन खर्च ठळक ठेवा. समितीत बसल्यावर मला कळलं की नव्वद टक्के प्रस्ताव उपकरणाचे असतात आणि प्रवासाला ५ हजार दाखवलेले असतात. कारखाना २० किलोमीटरवर, काम वर्षभराचं आणि प्रवास ५ हजार? याचा अर्थ प्राध्यापक तिकडे जाणार नाहीत, एवढाच मी काढायचो. स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर किलोमीटरच्या दराची मंजुरी आधीच लेखी घ्या, नंतर बिल अडतं. विद्यार्थ्याचं मानधन 'प्रकल्प सहायक' या नावानं दाखवा. 'कंटिंजन्सी'त, म्हणजे किरकोळ खर्चात, लपवलंत तर ऑडिटला ते पहिलं दिसतं.

आता संमतिपत्र. 'आम्हाला या संशोधनात रस आहे' असं पत्र कुणीही देतं, मला मेहुण्याच्या मित्रानं दिलंच होतं. कंपनी काय देणार ते पत्रात यायला हवं. पैसे नकोत. लहान उद्योजक ओळख नसलेल्या मास्तरला पैसे देणार नाही, आणि देऊही नये. पण महिन्याला ५० किलो वाळू, आठवड्यातून दोन तास सुपरवायझरचा वेळ, मागच्या दोन वर्षांचं रिजेक्शन रजिस्टर बघायची मुभा, असं काही असेल तर ते पत्र खरं. आमच्या समितीत अशी दोन-तीनच पत्रं आली आणि त्यांना आम्ही डोळे झाकून पैसे दिले.

एमओयूच्या, म्हणजे सामंजस्य करारांच्या, मागे लागू नका. नॅक या मूल्यांकन परिषदेच्या तपासणीत ते मोजले जातात, म्हणून प्रत्येक विभागाला चार-पाच हवे असतात. शाल, पुष्पगुच्छ, फोटो, मग कपाट. फोटो काढायला कोणी आलंच तर काढून घ्या, भांडू नका.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मुळे आपल्या राज्य विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्याची यंत्रणा उभी राहिली आहे. तुमचा निधी बहुधा तिथूनच आला असेल. कल्पना काही आपलीच नाही. ब्रिटनमध्ये ईपीएसआरसी ही संशोधन परिषद २०१२ पासून विद्यापीठांना 'इम्पॅक्ट ॲक्सेलरेशन अकाउंट' नावाची ठोक रक्कम देते. ती प्राध्यापकांत कशी वाटायची ते विद्यापीठाची समिती ठरवते. तिथल्या अर्जांत कंपनीत काही महिने जाऊन बसणं किंवा कंपनीचा माणूस विभागात आणून बसवणं हा अगदी रीतसर खर्च समजला जातो. आपल्याकडे तोच खर्च मागितला की 'मग शिकवणार कोण?' असं विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आठवड्यातला एक दिवस मोकळा असलेलं वेळापत्रक एवढंच असतं. विभागप्रमुखांकडून ते आधी लिहून घ्या.

याच्या जोडीला आपल्याकडे माशेलकरांचा दाखला हमखास दिला जातो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक असताना त्यांनी 'काइट फ्लाइंग' निधी काढला होता. यशाची शक्यता हजारात एक असली तरी धाडसी कल्पनेला पैसे, असा तो पतंग. फार छान गोष्ट, पण तुमचा निधी त्या जातीचा नाही. ३ लाखांत पतंग उडवायला जाऊ नका, मांजा पुरत नाही.

पेटंटचं एक सांगतो, कारण इथे रसायनवाले हमखास फसतात. तुमच्याकडे खरंच नवी पद्धत असेल तर कंपनीला दाखवण्याआधी, आणि परिसंवादात पोस्टर लावण्याआधी, पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. सप्टेंबर २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन प्रोव्हिजनलचं सरकारी शुल्क १,६०० रुपये. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, नेमका तुमच्या अनुदानाचा काळ. वकिलाची फी वेगळी, ती प्रस्तावात दाखवता येते. उलट कंपनीची माहिती तुमच्याकडे येणार असेल तर साधा दोन पानी गोपनीयता करार करा आणि त्यात विद्यार्थ्याचा प्रबंध व शोधनिबंध यांचं काय, हे एका वाक्यात ठरवून टाका. आम्ही ते ठरवलं नव्हतं. मग निबंधातून रिजेक्शनचे सगळे आकडे काढून निर्देशांक घालावे लागले आणि परीक्षकांनी 'मूळ आकडे कुठे आहेत?' म्हणून दोनदा परत पाठवला.

पुढे कंपनी स्वतः पैसे देऊ लागली की जीएसटीचा घोळ सुरू होतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये आयआयटी दिल्लीला संशोधन अनुदानावर सुमारे १२० कोटींची नोटीस आली तेव्हा सगळीकडे घबराट झाली होती. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ पासून विद्यापीठांना मिळणाऱ्या संशोधन अनुदानावर सूट दिली गेली. ती अनुदानाला आहे. कन्सल्टन्सी आणि चाचणी शुल्कावर १८ टक्के लागतोच. म्हणून कंपनीशी बोलताना पावती कुठल्या नावानं फाटणार हे आधी लेखा विभागात विचारा. लहान फौंड्रीवाल्यानं १० हजार कबूल केलेले असतात आणि बिल ११,८०० चं गेलं की त्याला वाटतं मास्तरनं टोपी घातली. प्रसंग माझ्यावरच गुदरलाय.

आणि हे सगळं करून पदोन्नतीत काय पडतं? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या एका शोधनिबंधाला ८ गुण आहेत, कन्सल्टन्सीला ३. पंचवीस खेपा, रेतीनं भरलेले बूट, आणि ३ गुण. तुम्ही पदोन्नतीच्या तोंडावर असाल तर हा हिशेब घरी बसून नीट करा. वाईट वाटून घेऊ नका. अजून तीन-चार वर्षं हातात असतील, तर मी म्हणेन जा. कारखान्यातून येणारा प्रश्न कुठल्याही जर्नलमध्ये वाचायला मिळत नाही. आमच्या त्या पाण्याच्या प्रश्नावर शेवटी दोन निबंध झाले, ते वेगळं.

ओळख नाही, याचं काय करायचं? तुमच्या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांची यादी काढा आणि क्वालिटी किंवा उत्पादन विभागात कोण आहे ते बघा. व्यवस्थापकीय संचालकांना मेल लिहू नका, उत्तर येत नाही. त्या पोराला फोन करा. 'सर' म्हणून तो उभा राहीलच. त्याला म्हणा, तुमच्याकडे दर वर्षी कुठल्या महिन्यात काय बिघडतं ते मला दाखव. पहिल्या भेटीला प्रेझेंटेशन नेऊ नका, वही न्या आणि पायात बंद बूट घाला, चपलेवर शॉपमध्ये सोडत नाहीत. जाण्याआधी साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या. पिंपरी-भोसरीकडे ती गुरुवारी असते. मी एकदा गुरुवारीच जाऊन वॉचमनशी तासभर गप्पा मारून परत आलो होतो.